मागचा ब्रेक

आमच्याकडं काही बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'कुणी केलं?' विहिरीवरची मोटर जळू दे नाहीतर म्हैस आटू दे. 'कशानं झालं?' हे विचारायची वेळ बऱ्याचदा येतच नाही, कारण माणूस सापडला की सगळ्यांचं समाधान झालेलं असतं.

1991 सालची गोष्ट. मी अकरावीला होतो. आप्पांनी एक जुना, लहान ट्रक घेतला होता. ओतूरच्या जवळ आमचं गाव. टोमॅटोची खोकी भरायची, माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाडवरून कल्याणचा बाजार गाठायचा. गाडीवर जे डायव्हर होते त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, म्हणून मीही मामाच म्हणायचो. सुट्टीत मी त्यांचा बिनपगारी क्लीनर.

त्या हंगामात गाडीचा मागचा ब्रेक धरायला लागला. सपाटीला काही नाही. घाट अर्धा उतरला की गाडी जड व्हायची, मागून जळक्या लायनरचा वास यायचा आणि पायथ्याला मागची चाकं जाम. पहिल्या वेळी टोकावड्याच्या बाजूच्या एका फिटरनं चाकाचं निपल सैल केलं, तेल चिळकांडी मारून बाहेर आलं, चाक सुटलं. पैसे घेऊन तो म्हणाला, "झालं काम." दुसऱ्या वेळी रात्रभर गाडी तिथंच उभी राहिली. माल कल्याणला पोचला तेव्हा बाजार उठला होता. मिळेल त्या भावात खोकी द्यावी लागली.

आप्पांनी ओट्यावरच निकाल लावला. "ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतोस तू. लायनर जळणार नाही तर काय?"

मामा म्हणाले, "आप्पा, ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरतो मी. पोराला इचारा."

पोराला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरंच सांगितलं असतं, कारण मी शेजारी बसलेला असायचो. पण मोठ्यांच्या बोलण्यात आपण होऊन तोंड घालायची पद्धत नव्हती, ही सबब मी पुढं बरीच वर्षं वापरली. मामांचा महिन्याचा पगार अडकवून आप्पांनी त्यांना घरी पाठवलं.

नव्या डायव्हरच्या हातीही ब्रेक धरलाच. मग गुरुवारी गाडी आळेफाट्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. "आत्ता चाकं सुटी हायेत. थंड गाडी मला काय सांगणार?" म्हणाले. मग स्वतः गाडी घेऊन, सारखा ब्रेक मारत, कल्याण रस्त्यानं दोन-तीन फेऱ्या केल्या. चाकं धरल्यावर शेडमध्ये आणली आणि ओरडले, "आता कुणी निपल उघडायचं नाय. ते उघडलं की चोर पळाला."

नंतरचं मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलली. दोन्ही जाम. एकच असतं तर त्या चाकातलं काही अडकलंय म्हणता आलं असतं, स्प्रिंग तुटली असेल, व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजला असेल. दोन्ही म्हणजे दुखणं वरचं. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर होता. तो धरला असता तर एक चाक पुढं फिरवल्यावर दुसरं मागं फिरलं असतं. फिरलं नाही. म्हणजे हँडब्रेक सुटला. मग त्यांनी चाकाकडं न जाता थेट मास्टर सिलिंडरपाशी मागच्या लाइनचा नट किंचित ढिला केला. तेल उसळलं आणि मागं उभ्या पोरानं हाक दिली, "सुटली!" लाइनमधला होज आतून फुगून बंद झाला असता तर इथं ढिलं करून चाकं सुटली नसती. पेडलची ढिलाई बघितली, ती बरोबर होती. राहिलं फक्त मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर.

त्या मास्टर सिलिंडरच्या डबीत दोन कप्पे होते, पुढच्या चाकांचा एक, मागच्यांचा एक. मिस्त्रींनी मागच्या कप्प्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, वास घेतला. चहावाल्या पोराकडून पाण्याचे दोन ग्लास मागवले. पुढच्या कप्प्यातलं थोडं तेल एकात टाकलं, ते पाण्यात मिसळून गेलं. मागच्यातलं दुसऱ्यात टाकलं. वर चकाकता तवंग आला.

"ब्रेक ऑइल पाण्यात इरघळतं. हे तरंगतंय. हिच्यात इंजिन ऑइल गेलंय," ते म्हणाले. "त्यानं रबर फुगतं. फुगलेला कप तेल परतायचं बारीक भोक झाकून टाकतो. पाय काढला तरी दाब आतच. घाटात तेल तापतं, फुगतं, चाकं आणखी धरतात, आणखी तापतात. निवलं की आपोआप सुटतं."

बाहेर काढलेला कप त्यांनी नव्याशेजारी ठेवला. मऊ, ऐसपैस झालेला. "मागची सगळी रबरं बदला, लाइन धुवा. डायव्हरचा काय संबंध नाय ह्याच्यात."

कुणी टाकलं, हे त्यांनी विचारलं नाही. आप्पाही खर्चाच्या हिशोबात गुंतले. माझे कान मात्र गरम झाले होते. दहा-बारा दिवसांपूर्वी, खोकी भरताना, मामा जेवायला गेले होते. मागचा कप्पा तळाला गेलेला दिसला आणि शेडमधल्या डब्यातलं तेल मी ओतलं होतं. मामा आल्यावर शाबासकी देतील म्हणून. ते घाईत आले, गाडी निघाली, सांगायचं राहून गेलं.

तेल ओतलं त्यात माझं पाप किती, यावर मी पुष्कळ विचार केलाय. फार नाही असं वाटतं. माहीतच नव्हतं. पण गुरुवारी दुपारी, त्या ग्लासातला तवंग बघितल्यावर, माहीत नव्हतं असं म्हणायची सोय संपली. उलट मिस्त्रींच्या भलेपणाचा मी आडोसा केला. 'कशानं' सापडलंय, आता 'कुणी' कशाला, असं स्वतःला समजावलं. कारण शोधणारा माणूस मला दोष देणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो, अजूनही वाटतो. पण त्याच्या मोठेपणात माझ्यासारख्याला लपायला जागा सापडते, हेही तितकंच खरं.

सोमवारी जेवताना आप्पांना सांगितलं. ते चिडले नाहीत. ताट सरकवून उठले, कपाटातून पैसे काढले आणि म्हणाले, "चल."

मामा दारातच बाजेवर बसले होते. आप्पांनी अडकवलेला पगार त्यांच्या हातात दिला, चुकलं म्हणाले. आप्पांच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. "उद्यापासून गाडीवर या," असंही म्हणाले. इतकी वर्षं 'तू' म्हणणारे आप्पा 'या' म्हणाले.

मामांनी पैसे मोजले नाहीत, तसेच कोपरीत ठेवले. "आता नाय जमायचं आप्पा. शनवारी उचल घेतली म्या. नगरकडल्या एका ट्रकवाल्याची. हंगामभर तिकडंच."

मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं रं?"

मी म्हणालो, "गुरुवारी."

ते काही बोलले नाहीत. आतून मामींनी चहाचे तीन कप आणले. मामांनी माझा कप उचलून माझ्या हातात दिला.