निवांत वाट कोणाची?

जयनगरहून पहाटे सायकलीवर निघावे, शहर ओलांडावे, म्हणजे उत्तरेस सुमारे ६५ किलोमीटरवर १,४७८ मीटर उंचीचा नंदीदुर्ग येतो. सुट्टीच्या दिवशी गडावर मोटारींची रीघ असते. पायथ्याच्या द्राक्षमळ्यांतील आडवाटा मात्र निवांत. अशी वाट इतरांना सांगावी काय? सांगितली तर गर्दीने शांतता भंगेल; लपवली तर परक्या वस्तूवर हक्क सांगितल्यासारखे होईल. तेवढ्यात चढावर दुधाची किटली लावलेली सायकल ढकलणारा शेतकरी दिसतो आणि प्रश्नच बदलतो. आपल्या विसाव्याची वाट त्याच्या श्रमाची आहे. आपण येथे पाहुणे. पाहुण्याने वाट जरूर सांगावी, पण पाहुण्याची रीतही सांगावी. शांतता गुपिताने नव्हे, वागण्याने टिकते.