विमान उडेल का?

परवा जेवताना चिरंजीवांनी कोडं घातलं. विमान लांबच लांब सरकत्या पट्ट्यावर उभं आहे. ते जितक्या वेगानं पुढे, तितक्याच वेगानं पट्टा मागे. उडेल का?

"शक्यच नाही!" आमटी भुरकत मी निकाल दिला. बँकेत वीस वर्षं अशाच पट्ट्यावर धावतोय. उडालो कुठं?

"बाबा, मोटारीची चाकं रस्त्याला रेटतात. विमान हवेला रेटतं. चाकं नुसती दुप्पट गरगरतात. पट्टा त्याला अडवणार कसा?" २००८ साली अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' कार्यक्रमात लांबलचक कापड मोटारीनं उलट ओढलं, तरी त्यावरून छोटं विमान उडालंच.

माझा घास अडला. बदली नको म्हणून प्रमोशनची परीक्षा मी कधी दिलीच नव्हती. दोष मात्र साहेबाला, बँकेला, नशिबाला. चाकं गरगरली हे खरं, दमलो हेही खरं. पण इंजिन चालू केलंच कुणी? न उडणं हा काही गुन्हा नव्हे. पण माझी रक्कम वीस वर्षं पट्ट्याच्या खात्यात नावे टाकली, ती नोंद खोटी.

"अहो, आमटी निवली," ही म्हणाली.

"चूक माझीच," मी म्हणालो. ही बघतच राहिली.