मधली वाट

नाझरेथहून कफर्णहूमला मोटारीने तासाभरात पोहोचता येतं. तरीही २००७ साली माओझ इनोन आणि डेव्हिड लँडिस या दोघांनी गालील प्रांतात याच दोन गावांना जोडणारी सुमारे ६५ किलोमीटरची पायवाट आखली. ही 'जीझस ट्रेल' चालायला साधारण चार दिवस लागतात.

बस यात्रेकरूला एका पवित्र स्थळाच्या दारातून उचलते आणि दुसऱ्याच्या दारात सोडते. मधलं सगळं निसटून जातं. मला वाटतं, धर्मांचं एकमेकांशी असलेलं नातं नेमकं या मधल्या जागेतच कळतं.

नाझरेथ सोडलं की सिप्पोरीचे अवशेष लागतात. इसवी सन २०० च्या सुमारास ज्यूंच्या मौखिक परंपरेला मिश्नाचं रूप देणारे रब्बी यहुदा हनासी अखेरच्या काळात इथेच राहिले. पुढे येशूच्या चमत्काराशी परंपरेने जोडलेलं काना. आज ते अरबांचं गाव आहे. मग हत्तीनची टेकडी येते. ४ जुलै ११८७ रोजी सलादिनने इथे क्रूसेडरांचा पराभव केला. पायी जाणाऱ्याला इतिहासातलं सोयीचं तेवढंच वेचता येत नाही.

याच वाटेवरच्या मग्दला इथे ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी निवास बांधला जाणार होता. २००९ मध्ये त्या जागी उत्खनन झालं आणि पहिल्या शतकातलं सिनेगॉग सापडलं. त्यातल्या एका दगडावर सात शाखांची मेनोरा, म्हणजे ज्यूंची दीपमाळ, कोरलेली आहे. येशू गालीलच्या सिनेगॉगांत शिकवत असे, असं शुभवर्तमानं सांगतात. ख्रिस्ती श्रद्धेच्या पायाशी खणलं की ज्यू घर लागतं. मग्दलाला हे अक्षरशः घडलं.

कफर्णहूमला तर पांढऱ्या चुनखडीचं सिनेगॉग आणि येशूचा शिष्य पेत्र याचं मानलं जाणारं घर यांत काही पावलांचंच अंतर आहे. त्या घरावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च उभं राहिलं. ज्यांना आपण दोन वेगळी जगं मानतो, ती एकाच वस्तीत शेजारी होती.

शेजार मान्य करणं सोपं नसतं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएलवर हमासने केलेल्या हल्ल्यात, ही वाट आखणाऱ्या इनोन यांचे आईवडील मारले गेले. त्यानंतर सूड नको, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. आज ते पॅलेस्टिनी साथीदारांबरोबर शांततेसाठी काम करतात.