पोटावर पाय कोणाचा?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ‘डोंगर वाचवा’ म्हणणाऱ्याला खाणकामगारांकडून ठरलेले उत्तर मिळे : आमच्या पोटावर पाय देऊ नका. भीती खरी होती, फक्त पाय कोणाचा हे पाहायचे राहिले.

१९५०च्या सुमारास या राज्यात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. २००० साली वीस हजारही उरले नव्हते. कोळसा मात्र जवळपास तेवढाच निघत होता. आधी भुयारात यंत्रे आली, मग पुष्कळ ठिकाणी भुयारच नको झाले. जंगल तोडायचे, डोंगराचा माथा सुरुंगांनी उडवायचा आणि फुटलेला दगड शेजारच्या दरीत लोटायचा. या कामाला माणसे थोडी लागतात, स्फोटके फार. ॲपलेशिया या डोंगराळ पट्ट्यातले सुमारे दोन हजार मैलांचे ओढे असे राडारोड्याखाली गेले.

ज्युडी बाँड्स खाणकामगाराच्याच कन्या. ओढ्यात मेलेले मासे हातात घेऊन उभा असलेला नातू त्यांनी पाहिला आणि त्या डोंगर वाचवण्याच्या लढ्यात उतरल्या. २००३ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. गावाकडून धमक्या आणि शिव्या मिळाल्या. त्यांना फितूर म्हणणे मला पटत नाही. १९२१ साली युनियनच्या हक्कासाठी सुमारे दहा हजार सशस्त्र खाणकामगार ब्लेअर माउंटनवर मालकांच्या माणसांशी लढले होते. पुढे तोच डोंगर फोडायचे घाटू लागले, तेव्हा २०११ मध्ये त्या खाणकामगारांसारखाच गळ्यात लाल रुमाल बांधून त्याच्याकडे मोर्चा गेला, तो बाँड्स यांच्यासारख्यांच्याच बाजूचा. (डोंगराबरोबर त्या लढाईच्या खुणाही जातील, याचे मालकांना फार वाईट वाटले असेल असे नाही.)

तरीही पगाराचा प्रश्न उरतोच, आणि घोषणांनी चूल पेटत नाही. याच राज्यातल्या कोल रिव्हर माउंटन या डोंगरासाठी लढणाऱ्या आंदोलकांना हे कळत होते. माथ्यावर पवनचक्क्या उभाराव्यात, ३२८ मेगावॉट वीज करावी, अशी योजना २००८ च्या सुमारास त्यांनी पुढे केली. कोळसा कधीतरी संपणार, वारा नाही. पण तिथे चांगला वारा उंचीवरच मिळतो. माथा एकदा खाली आणला की ती योजनाही गेली. २००९ मध्ये त्या डोंगरावर सुरुंग लागायला सुरुवात झाली.