चोवीस गुरूंतला कपोत आणि शेडमधलं पिल्लू



दत्तजयंतीच्या अंकात कोंबड्यांवर लेख म्हटल्यावर काही भक्तमंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. पण महाराजांच्या पायाशी चार श्वान आहेत, पाठीशी गाय आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांतही कपोत, अजगर, हरिण, मासा, मधमाशी असे मुके जीव कितीतरी आहेत. तेव्हा शेडमधल्या कोंबडीलाही इथे थोडी जागा मिळावी.

मी बँकेत क्लार्क होतो. कोयना खोऱ्यातल्या पोल्ट्री शेडची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून जायची. हिशेब सोपा असे. एक दिवसाची पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि राबणं शेतकऱ्याचं. 40 ग्रॅमचं पिल्लू साधारण 40 दिवसांत दोन किलोचं होतं. मग रात्री गाडी येते, उचल होते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला दर मिळतो. त्यातून आमचा हप्ता. त्या तक्त्यात ‘मरतूक’ असा एक रकाना असायचा. शेकड्याला चार-पाच गेली तर ती धरलेलीच. वर्षानुवर्षं मी तो रकाना भरला आणि कधी थांबलो नाही.

एकदा साहेबांबरोबर तपासणीला गेलो. एप्रिलचं ऊन, बॅच पस्तिसाव्या दिवसावर. खाली अंथरलेलं भाताचं तूस विष्ठेनं ओलं झालेलं, वासानं डोळे चुरचुरायला लागले. एका पक्ष्याला जेमतेम एक चौरस फूट जागा, त्यामुळे जमीन दिसतच नव्हती. गावठी कोंबडी माणूस दिसला की फडफडत पळते. या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. छाती एवढी भरते की पायांना वजन पेलत नाही, असं शेतकऱ्यानंच सांगितलं. खाद्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर एक पक्षी पाय फाकून, चोच उघडी टाकून पडला होता. भांडं दिसत होतं, पोचता येत नव्हतं.

“याचं आता काय?” मी विचारलं.

“मरतुकीत धरा साहेब,” तो म्हणाला आणि त्याला उचलून बाहेर घेऊन गेला. मी नोंद केली. पक्षी तेव्हा जिवंत होता.

आमची आईही परसात कोंबड्या पाळायची, रात्री डालग्याखाली झाकायची. पाव्हणा आला की त्यातली एक कापली जायची, हे कशाला लपवू? पण त्याआधी ती वर्ष-दोन वर्षं उकिरडा उकरून, मातीत लोळून, पिल्लं पंखाखाली घेऊन जगलेली असायची. म्हणून माझा प्रश्न खावं की खाऊ नये हा नाहीच. कापायच्या आधीचे ते चाळीस दिवस कुणाच्या नावावर?

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण पिल्लू त्याचं नसतं, दर त्याच्या हातात नसतो, डोक्यावर कर्ज. 2006 साली नंदुरबारकडे नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तिथे निदान रोगाचं कारण होतं. मार्च 2020 मध्ये कोंबडीनं कोरोना होतो अशी आवई उठली, भाव कोसळला, आणि बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीवाल्यानं हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. खाद्य घालणं विक्रीपेक्षा महाग पडत होतं, एवढंच.

मी कॉमर्सचा माणूस. जमेला कुठेतरी नावे लागतंच. इथे पिल्लू कंपनीचं, शेड शेतकऱ्याची, पैसा बँकेचा, रस्सा आपला. प्रत्येकाच्या वाट्याला पाप इतकं थोडं येतं की कुणालाच ते दिसत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये असा कायदा 1960 पासून आहे. विधी आयोगानं 2017 मध्ये अंडी व मांसाच्या कोंबड्यांवर वेगळा अहवालही दिला. तरी स्कूटरच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण रोज बघतो.

आपण गुरुवार पाळतो, श्रावण पाळतो, मार्गशीर्ष पाळतो. मीही पाळतो. पण आखाड दणक्यात करून मग श्रावण पाळायचा, यात शुद्धी झालीच तर माझी होते, कोंबडीला त्याचं काय?

कपोताच्या गोष्टीत पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागे आई जाते, मग बापही. अतिमोह नको, हा त्याचा अर्थ लहानपणापासून ऐकला. आता वाचताना वेगळंच डोळ्यांपुढे येतं. त्या पिल्लांना आई तरी होती. शेडमधलं पिल्लू मशीनमध्ये उबतं, त्यानं आई पाहिलेलीच नसते. आणि अवधूत त्या जाळ्यापाशी थांबून बघत राहिले, म्हणून कपोत गुरू झाला. मी शेडमध्ये दहा मिनिटं होतो, त्यातली आठ रजिस्टरमध्ये.

गेल्या वर्षी घरी सांगितलं, ब्रॉयलर आणू नका. सूनबाई म्हणाली, “बाबा, गावठीचा भाव ठाऊक आहे का? पोरांच्या अंगाला काय लागणार?” तिचंही खरं. सध्या महिन्यातून एकदा गावठी, एरवी कडधान्यं, असं चाललंय. नातू कुरकुरतो.

मागच्या महिन्यात तोच शेतकरी बाजारात भेटला. कर्ज कधीच फिटलंय. मुलासाठी दुसरी शेड काढतोय. “साहेब, तुम्ही जामीन राहाल का?” म्हणाला. भला माणूस आहे, हप्ता एकदाही चुकवला नाही. दत्तजयंतीनंतर सांगतो, असं म्हणून मी पुढे आलो.