पतंग, दिवा आणि हिंसेचा प्रश्न

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत पतंग हा एक. रूपाला भुलून तो ज्योतीत झेपावतो आणि जळतो. इंद्रिये आवरली नाहीत तर माणसाचीही तीच गत होते, असा त्याचा धडा. एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या या स्कंधावरील टीकेमुळे तो मराठी घरांत रुजला. या दृष्टान्तात दोष सगळा पतंगाचा. दिवा कोणी लावला, हे तिथे कोणी विचारत नाही. पतंगांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्थानिक गटात दाखल होणाऱ्याला मात्र तो प्रश्न टाळता येत नाही, कारण दिवा त्यानेच लावलेला असतो.

गटाची पद्धत साधी आहे. पावसाळ्यात, शक्यतो अमावास्येच्या आसपास, पांढरी चादर ताणून बांधतात, तिच्यापुढे अतिनील प्रकाशाचा दिवा लावतात आणि येऊन बसलेल्या पतंगांची छायाचित्रे, वेळ व ठिकाण नोंदवतात. अमेरिकेत 2012 साली सुरू झालेला आणि आता भारतातही पाळला जाणारा पतंग सप्ताह जुलैच्या अखेरीस, म्हणजे बहुतेक वर्षी चातुर्मासातच येतो. पावसात उपजणारे जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून जैन साधू ज्या दिवसांत विहार थांबवतात, नेमक्या त्याच दिवसांत हे पडदे उभे राहतात.

पतंग दिव्याकडे का येतो, याचे एक उत्तर 2024 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असल्याने एरवी ही खूण चुकत नाही. दिवा जवळ आला की वर कुठे आणि खाली कुठे, हेच त्यांना कळेनासे होते आणि ते त्याच्याभोवती अडकतात. काही जाती याला अपवाद आहेत. पण हे खरे असेल तर पतंगावरचा मोहाचा आरोप टिकत नाही आणि जबाबदारी दिवा लावणाऱ्याकडे येते.

ही जबाबदारी मोजण्याची कसोटी जैन विचारात आहे. तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या व्याख्येत प्राणघाताच्या जोडीने प्रमादही धरते. बेफिकिरीने केलेली कृती तिथे मुख्य ठरते. त्या मापाने पाहिले तर गटाचे नियम निव्वळ शिस्तीचे राहत नाहीत. दिवा रात्रभर न ठेवणे, चादरीवर पतंग असताना ती न गुंडाळणे, पहाटे कोतवाल आणि दयाळ टिपायला येण्याआधी त्यांना झुडपांत सोडणे, एकाच जागी रोज पडदा न लावणे: हा सारा अप्रमादच.

अवघड मुद्दा पुढे येतो. पतंगांच्या अनेक जाती फोटोवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. जननेंद्रियांचे विच्छेदन करावे लागते, त्यासाठी जीव मारावा लागतो. हौशी सभासदाने अशी नोंद वंशापर्यंत नेऊन थांबवावी, हे योग्यच. मात्र त्यामुळे हात स्वच्छ राहिले असे मानणे भाबडेपणाचे आहे. आजची ओळख कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनने भारतातल्या पतंगांवर 1892 ते 1896 दरम्यान काढलेल्या चार खंडांवर आणि संग्रहालयांत टाचणीला लावलेल्या नमुन्यांवर उभी आहे. ते जीव आधीच कोणीतरी मारले आहेत. (सोवळ्याच्या रेशमी कदासाठी कोशातले किडे उकळले जातात, याचा विचार तरी किती घरांत होतो?)

जीवहिंसा टाळण्यासाठी रात्रिभोजनही वर्ज्य करणाऱ्याला दिवा लावणेच नको वाटले, तर दोन वाटा उरतात. रस्त्यावरच्या किंवा देवळाच्या, आधीच जळणाऱ्या दिव्यांखाली नोंद करता येते. पण अशा दोन ठिकाणांच्या आकड्यांची तुलना करणे कठीण असते. दुसरी वाट दिवसा सुरवंट शोधण्याची. तिला वेळ फार लागतो, पण कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते, हे चादरीवर कधीच कळत नाही.