पुरुष काढायचा तर

सोलापूर

चि. ओंकार,

तुझ्या चित्रांचे फोटो मिळाले. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मानाच्या काठ्या पेलणारी माणसं जोरकस उतरली आहेत. बाराबंदीचा पांढरा रंग तर झकासच. पण सगळ्यांचे दंड एकसारखे फुगलेले, सगळ्यांच्या माना ताठ. अरे, लहानपणापासून तू ही यात्रा बघतोस. काठी जराशी कलली की पेलणाऱ्याच्या तोंडावर काय उमटतं, ते ठाऊक आहे ना तुला? सिद्धरामेश्वरांवरची भक्ती आणि सगळ्या गावादेखत आपल्या हातून चूक होईल ही धास्ती, दोन्ही एकदमच असतात तिथं. तू भक्ती घेतलीस आणि धास्ती सोडून दिलीस.

ती धास्ती कशी दाखवायची हे कळायला ‘फँड्री’ सिनेमा पुन्हा एकदा बघ. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे त्याच तालुक्यातल्या केमचा. त्याला या कामासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१४ साली सिनेमा लागला तेव्हा सगळे जब्या शेवटी भिरकावतो त्या दगडाबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात मात्र राहिला तो चिमटा. नाक सरळ व्हावं म्हणून जब्या नाकाला चिमटा लावतो. कैकाड्याच्या पोराला स्वतःचं नाक नकोसं का होतं, यावर कुणी भाषण देत नाही. चिमटा दिसतो, बस.

आणि काळी चिमणी. ती जाळून तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू आपली होणार, असा त्याचा विश्वास. गावचा देव त्याला अर्धाच मिळतो. जत्रेत नटूनथटून नाचायला गेलेल्या पोराच्या डोक्यावर शेवटी बत्ती येते. चिमणी मात्र त्याची एकट्याची. श्रद्धा चित्रात आणायची म्हणजे कपाळावर गंध काढायचं, अशी तुझी समजूत दिसते. जब्याच्या कपाळावर काही नाही, तरी त्याच्याइतका श्रद्धाळू पोरगा मी पडद्यावर पाहिलेला नाही.

त्याचा बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, गावापुढं वाकतो आणि पोरावर हात उगारतो. पकडायला धावलेलं डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. मर्दानगीवर याहून खरं काही मला तरी ठाऊक नाही. तुझ्या चित्रांतल्या सगळ्या ताठ मानांपेक्षा ते ताठ उभं राहणं जास्त बोलतं.

कॅनव्हासवरचंच उदाहरण हवं असेल तर भूपेन खख्खर बघ. मुंबईत जन्मलेला, बडोद्यात राहिलेला, पेशानं हिशेबनीस. पुरुषांवर प्रेम करणारा हा माणूस कितीतरी वर्षं ते झाकून जगला. १९८१ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यानं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ काढलं. गच्चीत एक नागवा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चालली आहे. त्या पाठीत पीळदार काहीही नाही.

आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनांनीही स्वतःचं दुखणं चित्रात आणलं. आई तान्हेपणीच गेली, तिचा चेहरा कधी आठवला नाही. मदर तेरेसा काढल्या, त्याही बिनचेहऱ्याच्या. पंढरपूर म्हटलं की आठवलं, वारीत मिशीवाले बाप्ये एकमेकांच्या पाया पडतात, ‘माऊली’ म्हणतात, विठोबापुढं ढसाढसा रडतात. आपल्या जिल्ह्यातल्या पुरुषांना रडायला जागा आहे. तुझ्या चित्रांत ती नाही.

प्रदर्शनाची घाई करू नकोस. आधी एक चित्र तुझं स्वतःचं काढ, दंड न फुगवता. तुझ्या वडिलांना ते आवडणार नाही. त्यांच्याशी मी बोलतो.

तुझा,
आबाकाका